नावाखाली काय लिहायचं

…नाही ओ, नाव बरोबर आहे. संयोगिता लालासाहेब सूर्यवंशी, एका मात्रेची चूक नाही, नावाची माझी तक्रारच नाही अजीमभाई – मी म्हणतेय ते नावाखालचं. ते ‘समाजसेविका’ काढा. आणि त्याच्याखाली सोनेरी अक्षरांत ‘भावी सरपंच’ लिहिलंय, ते तर आधी काढा. हो, माहितीये मला, ऑर्डर बाबांची आहे. बाबा तुमचं जुनं गिऱ्हाईक, जत्रेचा फलक तुमच्याकडं, माजी सैनिकांच्या मेळाव्याचा तुमच्याकडं, सगळं माहितीये. पण फोटो माझा आहे ना? ज्याचा फोटो त्याला एकदा विचारायचं असतं की नाही? – थांबा, मला पुरतं बोलू द्या, मग तुम्ही बोला. जेवणाच्या सुट्टीत आलेय. दवाखाना काय, इथंच पलीकडं, पण मी वेळेत गेले नाही तर बाकावर माणसं ताटकळत बसतात, आणि त्यांना कुणी सांगतही नाही बाई कुठं गेल्या ते. – हे मशीन केवढ्यानं ओरडतंय तुमचं. नको नको, बंद कशाला करताय, कुणाचं तरी काम चाललं असेल. मी मोठ्यानं बोलते, सवय आहे. मला नवल वाटतं ते वाद्यं बनवणाऱ्या तुमच्या शेजाऱ्यांचं – भिंतीला भिंत लागून तंबोरे लावायचे आणि इकडून दिवसभर ही घरघर, सूर कसा धरत असतील देव जाणे.

फिरवा जरा स्क्रीन इकडं. हे बघा. मान माझी आहे, मानेखालची बाई कोण? ही पैठणी माझ्याकडं नाही. हे हात माझे नाहीत, मी एवढ्या बांगड्या आयुष्यात घातलेल्या नाहीत. हसू नका, ही बाई मी पाहिलीय! मागच्या वर्षी तासगाव रस्त्याला कुणा नगरसेविकेच्या मुंडक्याखाली हेच हात जोडलेले होते. नमस्कार एकीचाच, तोंडं तेवढी बदलायची, काय? आणि वर ही गोल गोल माणसं – ह्यातल्या एकालाही मी भेटलेली नाही. एक मधला सोडून. हा मोठा गोल हंबीररावांचा, ते आमच्या गावचे, पॅनेल त्यांचं. खाली ही गॉगलवाली पोरं शुभेच्छुक, त्यात हा शिवतेज, माझा चुलतभाऊ, ह्यानं स्टेटसला टाकलं म्हणून मला कळलं, नाहीतर मला गावात गेल्यावरच माझं दर्शन झालं असतं. आणि वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! अहो, वाढदिवस माझा भर पावसाळ्यात असतो. आत्ता बाहेर द्राक्षांचे टेम्पो चाललेत. पण निवडणूक लागली की वाढदिवस येतो आमच्याकडं. बाबांना विचारलं असतं तर म्हणाले असते, शाळेत घातलेली तारीख येगळी हाय. आणि हे काय, हा नंबर – हा माझा स्वतःचा नंबर आहे अजीमभाई, आईशी बोलायचा. हा एवढा ठळक? हा पहिल्यांदा काढा, बाकी सगळं नंतर. – बघा, नाव घेतलं की वाजतोय. अनोळखी. लोनवाले असतील, दुपारचं ह्या वेळेलाच धरतात. कट.

बाबांना मात्र हसू नका हं. म्हणजे मी हसले तर चालतं. त्यांचं गणित फौजेतलं आहे. फौजेत कसं, सिग्नलचा कोर्स केला की सिग्नलला, गाडीचा केला की गाडीवर, कोर्स झाला की पद ठरलेलं. मी बीए झाल्यावर म्हटलं मला समाजकार्य शिकायचंय, दिल्लीला जायचंय, तर भावकी म्हणाली पोरगीला एवढ्या लांब कशाला धाडतोस लालासाहेब, आणि बाबा म्हणाले, बिनशिकलेली माणसं समाजसेवा करून कुठल्या कुठं गेली, माझी तर त्यातली डिग्री घेणार हाय. खरं बोलत होते ओ ते! त्यांनी समाजसेवक जे पाहिले ते सगळे फलकावर पाहिलेले. त्यांना वाटलं, हे लोक एवढं जमवतात ते अंदाजानं, ह्याचं रीतसर शिक्षण असलं तर किती होईल. मी पास झाले तेव्हा पहिला फलक लावला त्यांनी, तोही तुमच्याकडचाच असेल – ‘समाजसेवा पदवी दिल्ली येथून संपादन केल्याबद्दल’ – पिवळा, मागं लाल किल्ला, आणि माझा चेहरा एवढा की डोळ्यांतल्या शिरा दिसत होत्या. मी एसटीतून उतरले आणि समोर मी. पळून जावंसं वाटलं. बाबा खाली उभे होते, फेटा बांधून. मग कसलं पळणार. तवापासून ते वाट बघतायत. दोन वेळा सरपंचपद आरक्षणात दुसरीकडं गेलं, ह्या वेळी महिलेला सुटलं, आणि ते बोललेत घरी – झाला की तुजा कोर्स, आता पोस्टिंग आलं.

मग काय लिहू म्हणताय? हां. तोच तर घोळ आहे. बीएड झाली तर शिक्षिका लिहाल, नर्सिंग झालं तर सिस्टर लिहाल – हे झालं तर काय लिहायचं? का विचारताय, नावाखाली टाकायला की नौशीनसाठी? – मला माहितीये, तुमची बहीण भेटली होती मला दवाखान्यात. कॉलेज संपवून तिला हेच करायचंय. अम्मीचा प्रश्न असेल ना, पुढं नोकरी काय लागते म्हणून. अम्मी बरोबर विचारतायत. माझ्या आईला अजून कळलेलं नाही, ती सांगते पोरगी मिरजेला दवाखान्यात हाय, आणि समोरचा डॉक्टर समजला तर ती त्याला समजू देते.

सांगू का – लागतात नोकऱ्या, नाही असं नाही. समीक्षा म्हणून माझी दिल्लीतली मैत्रीण, एका खोलीत राहायचो आम्ही, ती साताऱ्याची, ती पाचगणीला एका शाळेत समुपदेशक आहे. मोठ्या लोकांची पोरं. रविवारी घरून फोन आला नाही की तिच्या खोलीत येऊन रडतात, आणि ती म्हणते, तिथं रडायलासुद्धा आधी नाव नोंदवावं लागतं. तिची आई गावात सांगते टीचर आहे. सोपं पडतं. जयराज कोल्हापुरात शिकला ह्याच विषयात, तो साखर कारखान्यावर कामगार कल्याण अधिकारी – आमच्यात ती सगळ्यात मानाची जागा बघा, तसा माणूस कारखान्याला कायद्यानं ठेवावाच लागतो. गेला तेव्हा काय उत्साह, ऊसतोडीच्या बायकांना न्हाणीघरं बांधतो म्हणाला. आता चेअरमनच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर घेतो आणि कँटीनचा चहा पातळ आहे का ते बघतो. न्हाणीघरं झाली नाहीत असं नाही, झाली की – पाणी यायचंय. एकजण कोयनेकडं धरणग्रस्तांच्या वस्त्यांतून फिरतोय, आजोबांना मिळायची जमीन नातवाला मिळवून देतो म्हणतो, पण तोवर नातूच पुण्याला रिक्षा चालवायला गेलेला असतो. साताऱ्याला पोलीस ठाण्यात समुपदेशन केंद्र आहे, तिथं एक मॅडम आहेत, दिवसभर नवरा-बायको समोरासमोर बसवतात आणि संध्याकाळी घरी कुणाशी बोलत नाहीत. आणि कंपन्या. कंपन्यांना समाजावर खर्च करावा लागतो ना, मग त्यांना आमच्यासारखं माणूस लागतं – शाळेला पाण्याची टाकी द्यायची आणि टाकीवरचं कंपनीचं नाव फोटोत नीट येतंय का बघायचं. एसीत बसायला मिळतं. शनिवार-रविवार सुट्टी. लोकांना तुमचा नंबर माहीत नसतो.

मी? मी दवाखान्यात. पाटीवर लिहिलंय वैद्यकीय समाजसेवा, पाटीखाली बाक, बाकावर माणसं. कसं असतं, डॉक्टर येऊन सांगून जातो, सिस्टर सुई देऊन जाते, आणि मग तो माणूस तिथंच उभा असतो – त्याला काहीच कळलेलं नसतं. मान हलवलेली असते त्यानं, व्हय व्हय म्हटलेलं असतं, पण कळलेलं काही नसतं. त्याच्याशी मी बोलते. म्हणजे खरं तर ऐकते. दोन वर्षं दिल्लीत आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही – समोरच्याला बोलू द्या, मध्ये तोडू नका, तो गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा. थांबा ना, काय घाई आहे, होईल की तुमचं, मला सांगू द्या. – तर ऐकायचं, आणि मग गरिबांसाठीच्या ज्या राखीव खाटा असतात त्यातली एखादी मिळते का बघायचं, दाखले कुठले लागतात ते सांगायचं. त्या खाटा थोड्या आणि माणसं मिरजेला कुठून कुठून येतात, पार विजापूरकडून. कुणाला द्यायची आणि कुणाला उद्या या म्हणायचं, हे मला ठरवावं लागत नाही, वरचे ठरवतात, पण ‘उद्या या’ हे तोंडानं म्हणायचं काम माझं. ह्या कामाला तुमच्या सोनेरी अक्षरांत काय म्हणतात?

हे सगळं सुरू झालं ते रंगूबाईपासून. आमच्या गावाच्या वस्तीवरची म्हातारी. नवऱ्याला घेऊन आलेली, त्याची छाती भरलेली, आणि ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती, दोन दिवस. मी कॉरिडॉरनं चाललेय तर मला बघून थांबली आणि म्हणाली, तुमी आमच्या शेरडांच्या छपरात हाय. मला कळेना. मग कळलं – बाबांचा तो पिवळा फलक. काढल्यावर कुणीतरी दिला तिला, तिनं शेळ्यांच्या छपराला घातला, आणि छपाई आतल्या बाजूला केली, कारण पांढरी बाजू वर असली की ऊन कमी लागतं. म्हणजे मी आत, वरून खाली बघतेय, शेळ्यांकडं. रोज सकाळ-संध्याकाळ धार काढताना ती मला बघत होती. म्हणाली, बोलती की मी तुमच्याशी, दुसरं हाय कोण तितं. अजीमभाई, खरं सांगते, मला लय हसू आलं आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दिल्लीतल्या एवढ्या मोठ्या लोकांनी मला सांगितलं नव्हतं मी काय आहे ते. मग तिनं विचारलं, मग तुमी डाक्टर न्हाई, नर्स न्हाई, तर करता काय? मी म्हटलं, तुमच्याजवळ बसते. ती म्हणाली, बसा. बसले. तिच्या नवऱ्याला खाट मिळाली, बरा झाला, चालत घरी गेला, अजून बिड्या ओढतो.

आणि तिनं ते गावभर सांगितलं. वाईट काय त्यात, चांगलंच सांगितलं, पण ते हंबीररावांच्या कानावर गेलं. ते बाबांकडं चहाला आले. एवढी वर्षं कधी आले नव्हते. म्हणाले, सुभेदार, पोरगीला लोक वळखत्यात, उभी करा. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आणि मग माझ्याकडं माणसं यायला लागली, पण वेगळी – खिशातून चिठ्ठी काढतात, हंबीररावांनी पाठवलंय, ह्यांची खाट करून द्या. मी म्हणते, चिठ्ठी नको, बसा, काय झालंय ते सांगा. ती माणसं बसत नाहीत. चिठ्ठी असली की कुणी बसत नाही. तेही एकवेळ चालवून घेतलं असतं, पण परवा आप्पासो आले. आमच्याच गावचे, हंबीररावांच्या विरुद्धच्या पॅनेलचे, बांधाला बांध लागून, पण पार्टी वेगळी. आई त्यांची – साखरेचा आजार, पायाची जखम चिघळलेली, पाय काळा पडत चाललेला. मी आतून बघितलं, ते बाकावर बसले होते, म्हातारीला टेकवून. मी म्हटलं ह्यांचं झालं की त्यांना घेते. तेवढ्यात त्यांनी दारावरच्या पाटीवर माझं नाव वाचलं असणार. किंवा कुणीतरी बाकावर म्हटलं असेल, ह्याच की हंबीररावांच्या होणाऱ्या सरपंच. मी बाहेर आले तर बाक मोकळा. गेटपर्यंत धावत गेले. म्हातारीला घेऊन वडापच्या जीपमध्ये बसत होते. मी हाक मारली. ते म्हणाले, नको ताई, आम्ही तुमची माणसं न्हाई. असं, सरळ. रागानं नाही. जसं दुकानात चुकून शिरलो म्हणावं तसं.

तो पाय थांबत नसतो हो. मी त्यांच्या घरी निरोप धाडला, शिवतेजकडून, तर त्यानं दिलाच नाही – म्हणाला, ताई, त्यांच्या दारात मी जाऊ? आता तुम्ही सांगा. अजून फलक लागलेला नाही तर ही गत. हा फलक लागला, वर एवढा मोठा गोल, खाली मी हात जोडून – म्हणजे दुसऱ्याच बाईचे हात – मग गावातली निम्मी माणसं माझ्या बाकावर येणार आणि निम्मी येणार नाहीत, आणि जी येणार नाहीत त्यांचेच पाय काळे पडत चाललेले असतात. म्हणून म्हणतेय, छापू नका. बाबांना मी बघते. तुम्हाला काय म्हणायचंय मला कळतंय – लालासाहेबांना एकदा फोन करून विचारतो म्हणणार. नका करू. विचारलं तर ते हो म्हणतील, आणि मला नाही म्हणता यायचं नाही. आजवर कधी म्हटलेलं नाही. तसाही ह्या फलकाचा काय उपयोग, पुढच्या महिन्यात मी इथं – काही नाही. काही नाही म्हटलं ना.

बरं. कुणाला बोलू नका. नौशीनलाही नको. पुण्याला एका कंपनीत मिळालंय. तीच ती – टाकीवाली. हो, मघाशी मीच हसत होते त्यांना, म्हणून काय झालं? हसलं म्हणून जायचं नाही असं थोडंच आहे? बाबांना सांगितलेलं नाही. दवाखान्यात सांगितलेलं नाही. तुम्ही पहिले, आणि तुमच्याशी तर माझी ओळखसुद्धा नीट नाही. थकलेय ओ मी. दिल्लीत बाकीच्या पोरी परदेशातल्या संस्थांचे अर्ज भरायच्या आणि मी म्हणायचे, मी परत जाणार, आमच्या भागात जाणार, आमच्याकडं माणसं आहेत. भाषणं ठोकायचे मी, समीक्षा उशी फेकून मारायची. खोटं नव्हतं त्यातलं काही. अजूनही खोटं नाही वाटत, हाच तर त्रास आहे – खोटं वाटलं असतं तर सुखानं गेले असते. फक्त सकाळी त्या बाकाकडं वळताना पाय जड होतात. कुणी मेलं की मला वाईट वाटायचं, आता आधी वाटतं, चला, खाट मोकळी झाली. हे मी मोठ्यानं बोलले का? – मशीनच्या आवाजात ऐकू आलं नसेल तर बरं.

परत वाजतोय. तोच नंबर. ह्यांना काय दुसरं काम नाही, कट केलं की पुन्हा. कट.

तर नौशीनचं. अम्मींना काय सांगायचं तुम्ही? सांगा, नोकरी लागते. ते खोटं नाही. सांगा, हुशार आहे, तिला दवाखान्यात पाहिलं मी – तुमच्या मामूंना आणलं होतं ना तिनं, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईचं डोकं विंचरत बसली होती, ओळख ना पाळख. तिला पाठवा – नाही, थांबा. नका पाठवू. म्हणजे तिला सांगा की आधी माझ्याकडं ये, चार दिवस बाकाशेजारी बस, आणि मग ठरव. पण मी तर – हां. मी तर नसणार. मग समीक्षाकडं पाठवा पाचगणीला. तिथं हवा तरी चांगली आहे. मला नका विचारू अजीमभाई. मी तिला जा म्हटलं तर तिचं वाटोळं केलं असं वाटेल, आणि जाऊ नको म्हटलं तर – तर त्या डोकं विंचरण्याला काय म्हणायचं? तुम्ही तेवढं हे काढा. समाजसेविका काढा, भावी काढा, गोल काढा, हात काढा. काय उरतं मग? नाव आणि नंबर. नंबरही काढा म्हटलं मी, नाही का. म्हणजे नाव. नुसतं नाव लिहून कुणी फलक लावतं का.

अरे, काय हे – तिसऱ्यांदा. घेतेच आता, झाडतेच चांगली – हॅलो. हॅलो, कोण? … हो, संयोगिताच बोलतेय. … बोर्डावरून? कुठल्या बोर्डावरून? … आपल्या गावात? स्टँडवर? – एक मिनिट, धरा हं, ठेवू नका. – अजीमभाई. हा लागलाय? कधी नेला? … सकाळी. शिवतेज. … म्हणजे तुम्ही मघापासून हेच सांगत होतात, आणि मी तुम्हाला बोलूच – असू दे. असू दे, तुमची काय चूक.

हॅलो, हां, बोला. … नाही, सरपंच झालेले नाही अजून, नुसतं लिहिलंय तसं. … मघाचे फोन तुमचेच होते? माझं चुकलं, मला वाटलं कुणी दुसरंच. … रडू नका. कुठं आहात आत्ता? … स्टँडवरच. बरोबर कोण आहे? … सासूबाई. … पाय. – तुम्ही आप्पासोंच्या घरच्या का? … त्यांना माहीत नाही तुम्ही आलाय ते. … बरं. मी नाही सांगणार. … नाही, नाही, मतांचं काही बोलू नका. कुठल्या पॅनेलचं तेही नको. … दिसतोय मला, बोर्डावर हंबीररावांचा फोटो आहे, असू दे फोटो. नंबर माझा आहे. नंबर तेवढा माझा आहे. … जखमेला वास येतोय का? … ताप? … एसटीची वाट नका बघू, दिसेल ती जीप धरा आणि सरळ मिरजेला या, मी गेटवर उभी राहते. … सासूबाई काय म्हणतायत? … त्यांच्याकडं द्या फोन, द्या. … हां मावशी, बोला. … काय? … काय म्हणालात? ऐकू येईना मला, पुन्हा सांगा –

अजीमभाई, ते मशीन बंद करा. मावशी बोलतायत.